स्थूल मूल आणि कमरेचें यंत्र

एखादें मूल अंगानें स्थूल दिसूं लागलें कीं घरांतील वडील मंडळी त्याच्याविषयीं एक निर्णय देऊन मोकळी होतात. ‘हा आळशी आहे, जागचा हलत नाहीं, म्हणूनच असा सुटला आहे,’ हा तो निर्णय होय. त्यास पुरावा कोणी मागत नाहीं, आणि ज्याच्याविरुद्ध तो दिला जातो त्या मुलाजवळ बचावाचें कांहीं साधनहि नसतें. परंतु मूल दिवसभरांत खरोखर किती हिंडतें-धावतें, हें ठाऊक कोणाला असतें? आईच्या दृष्टीसमोर तें कांहीं तास असतें, शिक्षकांच्या दृष्टीसमोर आणखी कांहीं तास. आणि खुद्द मुलासच विचारावें, तर काल आपण किती वेळ धावलों हें त्याला सांगतां येत नाहीं.

यांत त्याच्या स्मरणशक्तीचा दोष नाहीं; बालपणाचा स्वभावच तसा आहे. प्रौढ मनुष्य अर्धा तास फिरावयास जातो. मूल धावतें, थबकतें, उडी मारतें, बसतें आणि पुन्हां धावतें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणांत सहा ते दहा वर्षांच्या १५ मुलांची हालचाल बारकाईनें टिपण्यांत आली. तेव्हां जोराच्या हालचालीचा एकेक झटका बहुधा तीन सेकंदांतच संपतो, असें आढळून आलें. असे शेंकडों झटके मोजून ठेवणें हें यंत्राचेंच काम होय.

पावलें मोजणारें यंत्र जपानांत १९६५ सालीं ‘मान्पो-केई’ या नांवानें विक्रीस आलें. तें कमरेला लावीत. परंतु स्प्रिंगवर चालणारीं अशीं यंत्रें सरळ उभीं असावीं लागतात. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेवर तीं कलतात आणि पावलें गाळतात. म्हणजे ज्याला आळशी म्हणावयाचें, त्याच्याच विरुद्ध यंत्रहि खोटी साक्ष देणार! पुढें आगपेटीएवढें नवें यंत्र आलें. वेगांत होणारा प्रत्येक फरक तें टिपतें आणि त्यावरून हालचालीचा जोर अंकांत नोंदवितें. ही नोंद काही सेकंदांच्या अंतरानें घ्यावी लागते. पुरी मिनिटाची सरासरी काढली, तर मुलाची तीन सेकंदांची धांव तींत बुडून जाते.

या साक्षीदाराचेहि दोष आहेत. सायकल चालवितांना कंबर फारशी हलत नाहीं, म्हणून तो व्यायाम त्याला दिसत नाहीं. पोहतांना तर पुष्कळदा यंत्र काढूनच ठेवतात. आणखी एक गोष्ट अशी कीं, तेंच अंतर चालण्यास जड शरीराला अधिक श्रम पडतात. यंत्र हालचाल मोजतें, श्रम मोजीत नाहीं.

इतकें ध्यानांत ठेवून इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील प्लिमथ शहरांत जें पाहण्यांत आलें, तें विचार करण्याजोगें आहे. तेथील संशोधकांनीं प्रथम तीन शाळांतील २१५ मुलांची हालचाल मोजली. एका शाळेंत आठवड्यास ९ तास शारीरिक शिक्षण होतें, दुसरींत २.२ तास आणि तिसरींत १.८ तास. तरीहि सबंध आठवड्याची बेरीज जवळजवळ सारखीच निघाली. ज्यांना शाळेंत कमी खेळावयास मिळे, तीं मुलें शाळेबाहेर तें भरून काढीत. हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष २०११ सालचा आहे. ‘अर्लीबर्ड’ या नांवानें चाललेल्या संशोधनांत २०२ मुलांच्या कमरेस सातव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत दरसाल सात दिवस हें यंत्र बांधण्यांत आलें, आणि शरीरांतील चरबीहि मोजण्यांत आली. सातव्या वर्षीं ज्यांची चरबी अधिक, त्यांची हालचाल पुढील तीन वर्षांत इतरांच्या मानानें घटली. परंतु सातव्या वर्षीं ज्यांची हालचाल कमी, त्यांची चरबी त्यामुळें पुढें वाढली असें दिसलें नाहीं. लोक ज्यास कारण म्हणत, तें येथें परिणाम ठरलें. मूल हालत नाहीं म्हणून जड झालें, असें नसून जड झालें म्हणून हालेनासें झालें! एका शहरांतील दोनशें मुलांवरून सगळ्या जगाचा न्याय करतां येणार नाहीं, हें खरें. पण घरोघर दिला जाणारा तो निर्णय किती उतावीळ आहे, हें दाखविण्यास एवढें पुरे आहे.

यावरून खेळ व्यर्थ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. याच संशोधकांच्या २००८ सालच्या अहवालांत अधिक हालचाल करणाऱ्या मुलांचें वजन जरी वेगळें आढळलें नाहीं, तरी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या अधिक समाधानकारक निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२० सालीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीं दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सांगितली आहे. म्हणून खेळ हवा, तो आरोग्यासाठीं आणि आनंदासाठीं. वजनाचा दंड म्हणून नव्हे. आणि वजनाचा विचार करावयाचा, तर प्रथम स्वयंपाकघराकडे पाहावें.

आतां अशीं यंत्रें मनगटावर बांधावयास सर्रास मिळतात, आणि पुष्कळ घरीं संध्याकाळीं मुलाच्या पावलांचा हिशेब घेतला जातो. त्या वेळीं एवढेंच स्मरावें कीं, शास्त्रज्ञांनीं हें यंत्र मुलावर आरोप ठेवण्यासाठीं बांधलें नव्हतें. पुराव्यावांचून झालेल्या आरोपाची शहानिशा त्यानें केली, आणि साक्ष मुलाच्या बाजूनें पडली.