नियम किती असावेत?



"सॉफ्टवेअरवर चार शब्द बोल," असा निरोप होता. मी मात्र खेळाबद्दल बोलणार आहे.

आपण सगळे भातुकली खेळलोय. मी आई, तू बाबा, तो पाहुणा. नियमांचं पुस्तक नाही, पंच नाही. तरी एक नियम सगळ्यांना ठाऊक होता : ज्याची भांडी, त्याचं चालणार. जी लहान किंवा अबोल, ती कायमची पाहुणी!

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी जणू मोठ्यांची भातुकलीच छापली : 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सूत्रधाराने गोष्ट पुढे न्यायची. जमलं की फसलं, ते फासा सांगणार.

समजा, आपलं पात्र अंधारात आपल्या लोणारच्या विवरात उतरतंय. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे उताराला अवघडपणाचा एक आकडा असतो. निसरडं असेल तर त्यात ५ मिळवा. मग वीस बाजूंचा फासा टाका, त्यात कौशल्य मिळवा, चिलखताचं ओझं वजा करा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने अशा बऱ्याच बेरजा-वजाबाक्या काढल्या. परिस्थिती अनुकूल असेल, तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' तर एका पानात मावतो. २ ते ५ मधला एक आकडा निवडा. काम डोक्याने करायचं असेल तर फासा त्याच्या खाली पडायला हवा, मनाने करायचं असेल तर वर.

एका पानाचा खेळ लगेच सुरू होतो. जाड पुस्तकाच्या खेळात पात्र तयार करण्यातच संध्याकाळ जाते. मग सुटसुटीत तेच चांगलं ना? मला तसं वाटत नाही. जे लिहिलेलं नाही, ते सूत्रधाराच्या मर्जीवर राहतं. मर्जी चांगली असेल तर धमाल. नसेल तर पुन्हा ज्याची भांडी, त्याचं चालणार.

इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात मोजक्याच मुली होत्या. प्रयोगशाळेत पाळी हजेरीपटाच्या क्रमाने, असा कागद भिंतीवर होता. म्हणून यंत्राला हात लागला. "आपसात ठरवा" म्हटलं असतं, तर आम्ही मागे उभं राहून वहीत आकडे उतरवले असते.

म्हणून मला वाटतं, जिवाभावाच्या माणसांत एक पान पुरतं. अनोळखी लोकांत, आणि जिथे एकाचा आवाज मोठा आहे तिथे, लेखी नियम दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो.

आपली बॅच शाळेला भेट देणार आहे. त्यात थोडे फासे आणि मराठीत लिहिलेलं एक पान असू द्या. ते पान मी लिहीन. पहिला नियम आजच सांगते : दर डावाला सूत्रधार बदलायचा, आणि सुरुवात हजेरीपटातल्या शेवटच्या नावापासून.