आधी कान, मग जीभ

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जाते. तरी डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावात, घरी वारली आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांच्या कानांवर ती फारशी पडत नाही. भाषा तर आधी कानानेच शिकली जाते. केनियात 1980च्या दशकात रेडिओवरून इंग्रजीचे धडे दिले गेले. मुले ऐकत आणि लगेच मोठ्याने उत्तर देत. आपणही वसतिगृह, एसटी, डबा, हजेरी यांवरचे छोटे संवाद रोज ऐकवावेत, जोड्या करून बोलून घ्यावेत. यामुळे मायबोली मागे पडेल, ही शंका रास्त आहे. पण डहाणू तालुक्यातल्याच बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या परिसरातूनच शिक्षण उभे केले. तसाच संवादांचा अर्थ वारलीतून समजावला, तर इंग्रजी येईल आणि मायबोलीचा मानही राहील.