पुसलेल्या शब्दाचा जाब



पालघर आपण विसरलेलो नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद पाळला गेला. त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. पोलिसांनी लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.

पण त्याच निकालात कलम ६९ अ टिकले. त्याखाली केंद्र सरकार कंपनीला मजकूर बंद करायला सांगते. न मानल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मग कंपनी आपल्यासाठी भांडेलच असे मी धरून चालत नाही. न्यायालयाने हे कलम टिकवले ते लेखी कारणे आणि सुनावणी यांच्या भरवशावर. पण २००९ चे नियम आदेश गुप्त ठेवायला सांगतात. जिचा शब्द पुसला तिला आदेशच दिसला नाही, तर ती दाद कशाविरुद्ध मागणार?

कोणी म्हणेल, बायकांची विटंबना करणारे फोटो हटवा, असे तुम्हीच म्हणता ना? म्हणतो, आणि म्हणत राहू. तिथे बाई स्वतः तक्रार घेऊन उभी असते. सत्तेला टोचणारे बोलणे गुपचूप पुसणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या रक्षणाच्या नावाखाली ते खपवून घ्यायचे नाही.

म्हणून मागणी एकच: आदेश तिच्या हातात द्या, तिचे म्हणणे ऐका. आणि पोस्ट गेली तर गप्प बसू नका. तारीख, स्क्रीनशॉट, कंपनीचे उत्तर जपून ठेवा, गटात आणा. जाब आपण मिळून विचारू.