हजेरी लागते, पण बाई कुठे असते?



गटाची बैठक सुरू झाली की आपण आधी हजेरी घेतो. दहा नावं, दहा सह्या. पण त्या दहाजणींत एखादी अशी असते, की ती सतरंजीवर बसलेली असते, डोळे उघडे असतात, आणि तरी ती तिथं नसते. बचतीचे पैसे मागितले तर दोनदा हाक मारावी लागते. आपण म्हणतो, ‘अगं, लक्ष कुठंय तुझं?’ आज मला त्या बाईबद्दल बोलायचंय.

बी.ए.ला असताना मी एक शब्द शिकले, ‘परात्मता’. म्हणजे आपलंच आपल्याला परकं वाटणं. गटांचं काम करायला लागल्यापासून हा शब्द मला पुस्तकापेक्षा गावातच जास्त भेटतो.

आधी मनाचं बघू. थोडंसं हरवणं सगळ्यांचंच होतं. भाकरी थापता थापता मन माहेरी जाऊन येतं. एसटीत बसलं की गाव कधी आलं ते कळत नाही. यात आजार काही नाही. पण सोसवणार नाही असं काही घडलं, मारहाण झाली, बळजबरी झाली, डोळ्यांदेखत लेकरू गेलं, तर मन स्वतःला वाचवायला बाजूला होतं. ‘मार मला बसत होता, पण दुसऱ्याच कुणाला बसतोय असं वाटत होतं,’ असं सांगणाऱ्या बायका आहेत. त्या घडीला मनाची ही युक्ती उपयोगी पडते. पण संकट सरलं तरी सवय जात नाही. कुणाचा आवाज चढला, दार आपटलं, की बाई पुन्हा सुन्न. हात स्वतःचे वाटत नाहीत, घर धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, मधला वेळ आठवतच नाही.

डॉक्टर याला ‘डिसोसिएशन’ म्हणतात. फ्रान्समधले पिएर जाने यांनी १८८९ साली यावर मोठं पुस्तक लिहिलं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं याचा अभ्यास चालू आहे. हे नाटक नाही आणि वेडही नाही.

आता तुमच्या मनात आलं असेल, मग अंगात येतं त्याचं काय? जत्रेत, आरतीला, रीतीप्रमाणे अंगात येतं आणि बाई पुन्हा आपल्या कामाला लागते, त्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. पण कुठंही, केव्हाही, तिची इच्छा नसताना होतं, त्यानं ती खचते, नंतर तिला काही आठवत नाही, तेव्हा तिला मदत हवी असते. आणि एक गोष्ट नीट बघा. जी सून एरवी मान वर करत नाही, तिच्या अंगात आलं की ती सगळ्यांना अरेतुरे करते आणि सासू तिच्या पाया पडते. त्या घरात तिचं ऐकून घेतलं जाण्याची ही एकच वेळ असेल, तर आपण इलाज कशावर करायचा? नुसत्या तिच्यावर, की घरावरही?

परकेपणा नुसता मनातून येत नाही, तो कामातूनही येतो. कार्ल मार्क्सनं १८४४ साली लिहून ठेवलं, की माणूस राबतो पण त्यानं केलेली वस्तू त्याची नसते, काम कसं करायचं तेही त्याच्या हातात नसतं, आणि मग तो स्वतःपासून आणि इतर माणसांपासून तुटत जातो. तो कारखान्यातल्या मजुरांबद्दल बोलत होता. आपण बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका बघू. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. बाई अंधारात उठून कोपीवर स्वयंपाक करते, मग दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. पण मुकादमाकडून उचल घेतो नवरा, आणि हिशेबही त्याच्याशीच होतो. तिच्या घामाचे किती झाले ते तिला माहीत नसतं. तिची मोजणी माणूस म्हणूनही नाही, अर्धा कोयता म्हणून होते. अशी बाई ‘माझं काय, मी आपली आहे,’ असं म्हणते, तेव्हा तो नुसता तिचा स्वभाव नसतो.

आपल्या लेखकांनी हे तुटणं मांडलंय. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू मारुती पवार, ही एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर येतात, आणि दगडू आपली कहाणी दयाला सांगतो. जातीनं माणसाचे असे दोन तुकडे केले होते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी छोटं किराणा दुकान चालवता चालवता ‘जिणं आमुचं’ लिहिलं. कितीतरी वर्षं ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८६ साली पुस्तक झालं. त्यात समाजातल्या बायकांचे हाल सविस्तर आहेत. स्वतःच्या नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मात्र त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. ‘आम्ही’ म्हणणं जमलं, पण ‘मी’ म्हणायला इतका काळ लागला. एवढं धाडसाचं लिहिणाऱ्या बाईला लागला, तर आपल्या गटातल्या बाईला लागणारच.

म्हणून मला एवढंच सांगायचंय. तुटलेल्या बाईला ‘मन घट्ट कर’ असं सांगून ती जोडली जात नाही. तिला सुरक्षित जागा लागते आणि ऐकणारं माणूस लागतं.

बैठकीत कुणी सुन्न झाली तर भोवती गर्दी करू नका. कांदा, चप्पल नाकाला लावू नका. हलक्या आवाजात तिला नावानं हाक मारा. ‘पाय जमिनीला टेकव, आज अमुक वार आहे, तू आपल्या गटात बसलीस, समोर काय काय दिसतं ते सांग,’ असं म्हणा. तोंडावर पाणी मारू नका, पेला तिच्या हातात द्या. काय झालं ते चारचौघींत विचारू नका. नंतर एकटीला भेटा आणि ती सांगेल तेवढंच ऐका. झटके येत असतील, दातखीळ बसत असेल, तर आधी डॉक्टरकडे न्या, मिरगीही असू शकते. भूत उतरवतो म्हणून कुणी मारत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१. हे दोन्ही नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन तिच्याकडे नसेल तर आपला द्या.

आणि पुढच्या बैठकीपासून एक करून बघा. पैशाचा विषय काढायच्या आधी दहा मिनिटं ठेवा. अमक्याची आई, तमक्याची बायको असं न म्हणता प्रत्येकीला तिच्या नावानं विचारा, ‘तुझं कसं चाललंय?’ पहिल्या दिवशी ती ‘बरं आहे’ म्हणेल, दुसऱ्या दिवशीही तेच म्हणेल. तरी विचारत राहा. कर्जाचा हप्ता आपण दर महिन्याला न चुकता विचारतो, तसंच हेही विचारायचं.