खतन्याआधी विचारायचा प्रश्न



खानदानी रक्ताबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण घराण्यात कुणाचे रक्त थांबत नव्हते का, हे मुलाच्या खतन्याआधी किती घरांत विचारले जाते?

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक अपुरा असतो. आठवा घटक कमी असेल तर ‘ए’, नववा असेल तर ‘बी’. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला ‘ए’ असतो. बाळ रांगू लागेपर्यंत बहुधा काही दिसत नाही. म्हणून आपल्या घरांत हा आजार पहिल्यांदा खतन्यातच कळू शकतो. जखम एवढीशी, पण रक्त वाहतच राहते.

हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे कुणाला वाटत असेल, तर ऐका. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याचे शल्यवैद्य अल-जहरावी यांनी ‘अत-तसरीफ’मध्ये किरकोळ जखमेने दगावणाऱ्या पुरुषांची नोंद केली आहे. दोन भाऊ सुंतेनंतर दगावले तर तिसऱ्याची करू नये, असे मत ज्यूंच्या तालमूदमध्येही आहे.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. झाले, सुनेच्या माहेरावर खापर! अहो, आपले जनुक कुणी निवडते का? सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घरात तर आधी कुणालाच हा आजार नसतो. आजारी बापाकडून तो मुलाला जात नाही, मुली मात्र सगळ्या वाहक होतात.

नात्यातल्या लग्नाने हिमोफिलिया होतो, हा समजही चुकीचा. थॅलेसेमियाची गोष्ट वेगळी. तिथे दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि नात्यात दोघे वाहक असण्याचा संभव जास्त. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींतही होते, तेव्हा याला धर्माचा रंग देऊ नये. पण निकाहाआधी एचबीए२ तपासणी करायला लाजूही नये.

औषधांवरही जनुकांचा हात असतो. स्टेंटनंतर दिले जाणारे क्लोपिडोग्रेल यकृतात बदलल्यावरच काम करते. तो बदल घडवणारे एन्झाइम काहींमध्ये जन्मतः मंद असते. गोळी घेऊनही गुठळी होऊ शकते. वॉरफरिनचा एकाला बरोबर बसलेला डोस दुसऱ्याला रक्तस्राव घडवतो. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका.

मामा, मावसभाऊ, आजोबा यांपैकी कुणाचे दात काढल्यावर रक्त थांबले नव्हते का, गुडघे सुजत होते का, हे मुलाच्या आईला, नानीला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर खतना थांबवा, आधी घटकांची तपासणी करा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात यासाठी राष्ट्रीय संस्था आहे. निदान झाले तरी खतना कायमचा टळतो असे नाही. रुग्णालयात घटकाचे इंजेक्शन देऊन तो करता येतो. अशा मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आणि २०१६च्या अपंगत्व कायद्यात हिमोफिलिया व थॅलेसेमिया दोन्ही आहेत, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.