लक्षाधीशांची देणगी आणि मतदाराचे चार आणे

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव हें कापसावर वाढलेलें गांव. १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं तेथें तूप, सूत आणि थोडा कापूस यांचीं दुकानें थाटलीं. पुढें तेथील कापूसबाजार इतका भरभराटला कीं, १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आठ मैलांचा लोहमार्ग काढण्यांत आला. अशा बाजारांत ज्यानें एक दिवस घालविला असेल त्याला ठाऊक असतें कीं, भावाविषयीं कितीही घासाघीस होवो, काटा मात्र दोघांच्या डोळ्यांसमोर असावा लागतो. पडद्याआड तोललेला कापूस कोणताही शेतकरी मान्य करणार नाहीं. धनिकांनीं राजकीय पक्षांस द्यावयाच्या देणग्यांचा प्रश्नही अखेर ह्या काट्यापाशींच येऊन ठेपतो.

पक्ष म्हटला कीं त्याला पैसा लागणारच. प्रवास, कचेऱ्या, पत्रकें, सभा, यांपैकीं कोणतीच गोष्ट फुकट होत नाहीं. तेव्हां देणगी घेणें हेंच पाप, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. देणारा कोण, त्यानें कशाकरितां दिलें, आणि तें लोकांस कळलें कीं नाहीं, हे खरे प्रश्न आहेत. त्यांचीं उत्तरें शोधावयास वऱ्हाडापासून फार दूर जावयास नको. ज्या लोहमार्गानें खामगांवचा कापूस मुंबईस जाई, त्याच मार्गावर वर्धा आहे आणि वर्ध्यास जमनालाल बजाज यांची कापसाची पेढी होती.

जमनालालजींचा जन्म १८८९ सालचा, राजस्थानांतील सीकरजवळचा. वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घराण्यांत ते दत्तक आले. सरकारनें त्यांस रायबहादुर ही पदवी दिली होती. १९२० च्या डिसेंबरांत नागपूरला काँग्रेसचें अधिवेशन भरलें, त्या वेळीं ते स्वागताध्यक्ष होते. त्यानंतर असहकाराची चळवळ सुरू झाली, आणि त्यांनीं ती पदवी सरकारास परत केली. ज्या वकिलांनीं देशाच्या हांकेस ओ देऊन वकिली सोडली होती, त्यांच्या निर्वाहासाठीं त्यांनीं एक लक्ष रुपये दिले. १९४२ च्या फेब्रुवारींत मृत्यु येईपर्यंत ते काँग्रेसचे खजिनदार होते.

१९२१ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस बेझवाडा येथें असें ठरलें कीं, ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य निधींत एक कोटि रुपये जमवावे आणि काँग्रेसचे एक कोटि सभासद करावे. निधि पुरा झाला. एकट्या मुंबईनें सुमारें साडेसदतीस लक्षांचा भार उचलला. त्यांत अर्देशिर गोदरेज यांचे तीन लक्ष होते. म्हणजे ह्या निधीचा बराच मोठा भाग पेढीवाल्यांच्या आणि कारखानदारांच्या तिजोऱ्यांतून आला, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. काँग्रेसवर धनिकांचें वजन पडतें, हा आक्षेप समाजवादी मंडळींनीं पुढें उघडपणें घेतला, आणि तो अगदींच निराधार नव्हता.

तरीही त्या देणग्यांविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्यात. पहिली ही कीं, बजाज आणि गोदरेज यांचीं नांवें सर्वांस ठाऊक होतीं. त्यांच्या वजनाविषयीं आक्षेप घेतां आला तो त्यामुळेंच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. १९२१ सालीं काँग्रेसच्या हातीं देण्यासारखें कांहींच नव्हतें. तिच्यापाशीं परवाने नव्हते, मक्ते नव्हते, जकात कमीअधिक करण्याचा अधिकार नव्हता. तिला देणगी देणाऱ्यास सरकारच्या अवकृपेखेरीज दुसरा लाभ जवळपास नव्हता. त्याच सुमारास विलायतेंत पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्यावर, पक्षनिधीसाठीं सरदारक्या आणि पदव्या विकल्याचा आरोप होत होता; त्या व्यवहारास आळा घालण्यासाठीं तेथील पार्लमेंटास १९२५ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. तिकडे पैसा देऊन पदवी मिळविणारे होते, इकडे पदवी परत करून वर पैसा देणारा होता. ह्या भेदाचें कारण केवळ माणसाच्या स्वभावांत नव्हतें. घेणारा पक्ष सत्तेवर होता कीं सत्तेबाहेर होता, ह्यावर तो अवलंबून होता.

स्वातंत्र्यानंतर ही परिस्थिति पालटली. पक्ष तोच राहिला, परंतु आतां त्याच्या हातीं राज्य आलें. १९५७ सालीं टाटांच्या लोखंडाच्या कंपनीनें राजकीय पक्षांस देणग्या देतां याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकांत बदल करण्याची परवानगी मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे मागितली. कायद्यांत आडकाठी नव्हती, म्हणून मुख्य न्यायाधीश मोहम्मद अली करीम छागला यांनीं ती मान्य केली. परंतु निकालांतच त्यांनीं असा इशारा दिला कीं, ही प्रथा फोफावली तर ती नवजात लोकशाहीचा गळा आवळण्यास कारण होईल. १९६० सालीं अशा देणग्यांवर मर्यादा आली. १९६९ सालीं कंपन्यांच्या देणग्यांना सरसकट बंदी झाली. परंतु निवडणुकीचा खर्च कांहीं त्या बंदीनें थांबला नाहीं. जो पैसा हिशेबाच्या वहींतून जात होता तो वहीबाहेरून जाऊं लागला. अखेर १९८५ सालीं मर्यादा घालून ती वाट पुन्हा मोकळी करण्यांत आली.

ह्यानंतरचें प्रकरण ताजें आहे. २०१७ सालच्या वित्त कायद्यानें कंपन्यांच्या देणग्यांवरील मर्यादा काढून टाकली आणि पुढच्याच वर्षीं निवडणूक रोख्यांची योजना अमलांत आली. स्टेट बँकेंतून रोखा विकत घ्यावयाचा आणि हव्या त्या पक्षास द्यावयाचा; कोणीं कोणास दिला हें मतदारास कळावयाचें नाहीं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ही योजना घटनाबाह्य ठरविली. तिनें मतदाराच्या माहिती मिळविण्याच्या हक्कावर गदा येते, असा निर्णय दिला. अमर्याद देणगीची मुभाही रद्द झाली. तोंपर्यंत सोळा हजार कोटि रुपयांहून अधिक किंमतीचे रोखे विकले गेले होते.

ह्या हिशेबांतील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. रोखे एक हजार रुपयांपासून मिळत असत. परंतु एकंदर रकमेपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटि रुपयांच्या रोख्यांतून आली. आतां १९२० च्या नागपूर अधिवेशनाकडे वळून पाहावें. त्या अधिवेशनानें काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठेविली होती. त्या वेळींही लक्षांच्या देणग्या आल्या. परंतु त्यांच्या शेजारीं चार आण्यांची वर्गणी देणारा शेतकरी, विणकर आणि शिक्षक उभा होता. पुढाऱ्याला दोघांनाही तोंड दाखवावें लागत असे. चार आण्यांनीं निधि भरतो असें नव्हे. चार आणे देणारा माणूस जाब विचारण्यास उभा राहतो, हें त्या चार आण्यांचें खरें मोल. हजाराचा रोखा घेणारा जवळपास कोणी नव्हता, ह्याचा अर्थ असा कीं, पक्षांनीं सामान्य माणसाच्या खिशाची आशाच सोडली होती.

गुप्ततेच्या बाजूनें एक मुद्दा सांगण्यांत येतो. एका पक्षाला देणगी दिली म्हणून दुसरा पक्ष सत्तेवर येतांच सूड उगवील, म्हणून दात्याचें नांव झांकलें पाहिजे. ही भीति खोटी नाहीं. परंतु तिचा उपाय उलटा आहे. दाता सत्तेपासून लपूं शकत नाहीं, कारण ज्याला देणगी मिळते त्याला ती कोणाकडून आली हें बहुधा ठाऊक असतेंच. लपतो तो केवळ मतदारापासून. आणि परक्या सरकारच्या राज्यांत जमनालालजींना नांवानिशीं देतां आलें, तर स्वतःच्या राज्यांत तें देतां येऊं नये, ही स्थिति त्या राज्यास भूषणावह नाहीं.

ह्या सर्वांशीं खामगांव-मेहकरच्या कापूस पिकविणाऱ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अगदीं जवळ आहे. परदेशी कापसावर अकरा टक्के आयातकर होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून तो कांहीं महिन्यांकरितां उठविण्यांत आला. गिरण्यांस स्वस्त कापूस हवा होता. शेतकऱ्यांस भाव पडण्याची धास्ती होती. दोन्ही बाजूंचें म्हणणें समजण्यासारखें आहे, आणि हा निर्णय कोणाच्या देणगीमुळें झाला असें म्हणावयास कांहींही आधार नाहीं. परंतु असे निर्णय दरसाल होत राहतील. अशा वेळीं शेतकऱ्याच्या मनांत शंका आली, तर ती खरी कीं खोटी हें पडताळण्याचें साधन त्याच्या हातीं असलें पाहिजे. तें साधन नसेल तर प्रामाणिक निर्णयही संशयानें डागाळतो, आणि अप्रामाणिक निर्णय प्रामाणिकाच्या रांगेंत बेमालूम बसतो.

श्रीमंतानें देणगी देऊं नये असा दंडक घालून पाहिला, तो टिकला नाहीं. टिकण्यासारखे दोन उपाय आहेत. दिलेला प्रत्येक मोठा रुपया मतदानापूर्वीं, नांवानिशीं, लोकांसमोर यावा हा एक. आणि ज्यांस पक्ष आपला वाटतो त्यांनीं त्याला स्वतःच्या खिशांतून थोडें कां होईना द्यावें, हा दुसरा. पहिला कायद्यानें होईल. दुसरा मात्र घरोघरच्या सुशिक्षित माणसांनींच करावयाचा आहे. पक्षाला आपण कांहींच द्यावयाचें नाहीं, आणि तो दुसऱ्याच्या पैशावर चालतो म्हणून मात्र हळहळावयाचें, ह्यांत फारसा अर्थ नाहीं.