कारखाना जवळ आला, पण कोणाच्या?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय कागदावर ‘निअरशोअरिंग’ असा लिहिलाय. शब्दाला घाबरू नका. दूर देशातलं उत्पादन उचलून बाजारपेठेच्या शेजारी आणायचं, एवढाच त्याचा अर्थ. २०२० मध्ये करोना आला, बंदरांत माल अडकला. मार्च २०२१ मध्ये एक जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. तेव्हापासून कंपन्या म्हणू लागल्या, पुरवठ्याची साखळी मजबूत हवी. अमेरिकेचा शेजार म्हणजे मेक्सिको. २०२३ मध्ये अमेरिकेला माल विकण्यात मेक्सिकोने चीनला मागे टाकलं.

पण हे कारखाने तिथे काल आलेले नाहीत. १९६५ पासून सीमेवर ‘माकिला’ कारखाने उभे राहिले. सुटे भाग आणायचे, जुळवायचे, परत पाठवायचे. अमेरिकेतल्या शेतांवरून परतलेल्या पुरुषांना काम मिळावं, हा सांगितलेला हेतू. कामावर घेतल्या मात्र तरुण मुली. का? बोटं नाजूक, मजुरी कमी, तोंड वर करणार नाहीत! मुंबईत १९७३ साली सीप्झ झालं, तिथेही आपण हेच ऐकलं.

नोकरी देताना या मुलींची गरोदरपणाची चाचणी होते, हे १९९६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने मांडलं. सिउदाद ह्वारेस शहरात १९९३ पासून बायकांचे खून पडत राहिले. २००१ मध्ये तिथल्या एका कापसाच्या शेतात आठजणींची प्रेतं सापडली. त्यांतली एक वीस वर्षांची कामगार. उशीर झाला म्हणून कारखान्याने तिला आत घेतलं नव्हतं. ती घरी पोचलीच नाही. तिघींच्या आयांनी दाद मागितली. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मेक्सिको सरकारला जबाबदार धरलं.

मी ज्या वस्तीत काम करते, तिथल्या मुलीही रात्रपाळीहून येताना कोपऱ्यापासून घरापर्यंत पळतच येतात. म्हणून विचारते, कारखाना जवळ आला तो कोणाच्या? साखळी मजबूत करताना बंदरं मोजतात, गोदामं मोजतात. या अंधाऱ्या रस्त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो बायांनाच मांडावा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिलाओच्या जनरल मोटर्स कारखान्यात कामगारांनी जुनी मालकधार्जिणी युनियन नाकारून स्वतःची निवडली. तिचं नेतृत्व एका कामगार बाईकडे, अलेहान्द्रा मोरालेसकडे होतं.

चीनमधून कारखाने इकडे यावेत म्हणून आपल्याकडेही पायघड्या घातल्या जाताहेत. तुमच्या वस्तीजवळ असा कारखाना आला, तर पहिल्याच दिवशी विचारा: रात्री बाईला दारापर्यंत कोण पोचवणार? उशीर झाला तर तिला फाटकाबाहेर ठेवणार का? युनियन करू देणार का?